विमानाच्या खिडकीला कोपरे का नसतात?

विमानाचं चित्र काढा म्हटलं की आमच्या वर्गातली निम्मी मुलं खिडक्या चौकोनी काढतात. एसटीच्या खिडक्या चौकोनी, घराच्या चौकोनी, मग विमानाच्याही तशाच! पण खरं विमान, निदान त्याचा फोटो, नीट बघा. खिडकी लांबट गोल तरी असते, नाहीतर तिचे चारी कोपरे चांगले गोलाकार केलेले असतात. ही काही शोभा नव्हे. कोपरा किती घातक ठरू शकतो हे कळायला छप्पन्न माणसांचा जीव गेला.

गोष्ट आहे 'कॉमेट' या विमानाची. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीनं ते बनवलं होतं. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला प्रवासी घेऊन ते निघालं आणि जेट इंजिनांवर चालणारी जगातली पहिली प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्या आधीची पंख्यांची विमानं खूप हादरायची. कॉमेट मात्र ढगांच्याही वरून सुळसुळत जायचं. लोक खूश होते. आणि मग १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेलं एक कॉमेट इटलीजवळच्या एल्बा बेटापाशी समुद्रात कोसळलं. ३५ माणसं गेली. विमानं काही काळ जमिनीवर थांबवली, जिथं जिथं शंका आली तिथं तिथं दुरुस्त्या केल्या आणि पुन्हा उडवली. ८ एप्रिलला दुसरं कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात पडलं. २१ माणसं गेली. हवा खराब नव्हती, वैमानिक अनुभवी होते. मग झालं तरी काय?

तपासाचं काम फार्नबरो इथल्या सरकारी विमान-संशोधन संस्थेकडं आलं. तिथल्या इंजिनिअरांनी काय केलं असेल? एक भलामोठा हौद बांधला आणि त्यात अख्खं कॉमेट ठेवलं! पंख तेवढे हौदाच्या बाहेर. विमानाच्या आत पाणी, बाहेरही पाणी. मग आतल्या पाण्याचा दाब वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. एकदा वाढवला आणि उतरवला की झालं एक 'उड्डाण'. पंखही यंत्रांनी वरखाली हलवायचे.

आता दाबाचीच भानगड का, तर विमान उंच गेलं की बाहेरची हवा फार विरळ होते. आत माणसांना श्वास घ्यायला पुरेशी हवा हवी, म्हणून ती भरून ठेवावी लागते. त्यामुळं विमान आतून फुगलेल्या फुग्यासारखं ताणलेलं असतं. कॉमेटमध्ये हा ताण दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून थोडा जास्त होता. ऐकायला कमी वाटतो ना? तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या एका पानाएवढी जागा घेऊन गुणाकार करा. सुमारे अडीचशे किलो होतात! आणि पाणीच का वापरलं? हवा भरून विमान फुटलं असतं तर बॉम्बसारखं फुटलं असतं, चिंधड्या झाल्या असत्या आणि कुठून फाटायला सुरुवात झाली ते कळलंच नसतं. पाणी दाबलं तरी आक्रसत नाही, त्यामुळं पत्रा फाटताच दाब झटकन उतरतो आणि पुरावा जागच्या जागी राहतो. मला तर हौदाची ही युक्ती विमानाच्या शोधाइतकीच हुशारीची वाटते.

खरी आणि हौदातली मिळून सुमारे तीन हजार उड्डाणं झाल्यावर पत्रा फाटला. फाटायला सुरुवात झाली होती ती एका खिडकीच्या कोपऱ्याशी. समुद्रातून काढलेल्या एल्बाच्या विमानाचे तुकडे जुळवले, तर तिथंही चीर छतावरच्या चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्यापासूनच निघालेली.

कापडाच्या दुकानात जा. दुकानदार कापडाच्या कडेला कात्रीनं एवढीशी चीर देतो आणि मग टर्रकन सरळ फाडतो. सगळा जोर त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो. कोपऱ्याचंही तसंच. पत्र्यातला ताण वाहत्या पाण्यासारखा असतो असं समजा. गोल कडेवरून तो वळसा घालून जातो, टोकदार कोपऱ्याशी मात्र तुंबतो. त्यात धातूला येतो थकवा. हो, 'धातूचा थकवा' असाच शब्द आहे. कागदाला लावायची क्लिप सरळ करा आणि एकाच जागी पुढं-मागं वाकवत राहा. पहिल्यांदा काही होत नाही, पाचव्यांदाही कदाचित नाही, मग अचानक कट्! तुम्ही जोर वाढवला नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा लावला होता.

हे सगळं एवढ्या विस्तारानं सांगितलं, कारण मेकॅनिकल आणि एरोस्पेस इंजिनिअरिंग म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी ही हौदाची गोष्ट सांगते. अनेकांना वाटतं, एरोस्पेस शिकायचं म्हणजे पायलट व्हायचं, नाहीतर अंतराळवीर. तसं नाही. पायलट विमान उडवतो. ते उडेल का, किती वर्षं टिकेल आणि मोडलं तर कुठून मोडेल, हे आधी कागदावर ओळखायचं काम इंजिनिअरचं.

आता तुम्ही विचाराल, मेकॅनिकल आणि एरोस्पेस यांत फरक काय? नात्यानं ती सख्खी भावंडं आहेत. मेकॅनिकलवाला सगळीच यंत्रं शिकतो : उसाचा चरक, ट्रॅक्टर, पंप, लेथ, फ्रिज. एरोस्पेसवाला त्यांतलं बरंचसं शिकतो, पण त्याचं सगळं लक्ष हवेत आणि हवेच्या पलीकडं जाणाऱ्या यंत्रांकडं. चार वर्षांच्या पदवीत पहिलं वर्ष दोघांचं जवळजवळ सारखंच : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग आणि वर्कशॉप. या वर्कशॉपला नाकं मुरडू नका हं. बारावीला नव्वदच्या वर टक्के मिळवून आलेला मुलगा तिथं खाकी डगला घालून लोखंडाचा तुकडा कानशीनं घासत उभा असतो. गुण्या लावला की फटीतून उजेड दिसतो, पुन्हा घास. एक मिलिमीटर म्हणजे किती मोठी गोष्ट असते, हे त्याला तिथं कळतं.

पुढं दोघांनाही उष्णता, पाण्याचं आणि हवेचं वाहणं, पदार्थांची ताकद, कंपनं असे विषय असतात. मग वाटा फुटतात. एरोस्पेसवाल्यांचे चार मोठे विषय : हवा पंखाशी कशी वागते, विमानाचा सांगाडा, इंजिन आणि उडताना तोल कसा राखायचा.

त्यातला पहिला विषय गमतीचा आहे. विमान का उडतं, याचं एक उत्तर तुम्ही कुठं ना कुठं वाचलं असेल. पंख वरून फुगीर असतो, त्यामुळं वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो आणि खालच्या हवेला पलीकडच्या कडेशी वेळेवर भेटायचं म्हणून ती जोरात पळते. हे उत्तर कित्येक पुस्तकांत छापलेलं आहे आणि ते चुकीचं आहे! वरच्या आणि खालच्या हवेनं भेटायचं असं काही एकमेकींना वचन दिलेलं नसतं. वातबोगद्यात धूर सोडून पाहिलं, तर वरची हवा खालच्या हवेच्या कितीतरी आधी पुढं निघून जाते. शिवाय तुमच्या कागदी विमानाचे पंख सपाटच असतात, तरी ते तरंगतं. आणि कसरतीची विमानं तर पाठीवर उलटी होऊन उडतात. खरं असं, की पंख हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर ढकलते. वरची हवा वेगानं जाते आणि तिथला दाब कमी होतो हे बरोबर आहे, पण त्याचं कारण 'वेळेवर पोचणं' हे नाही. पुस्तकात छापलंय म्हणून खरं, असं न मानता धूर सोडून बघायचं, हे या अभ्यासक्रमात शिकायला मिळतं.

इंजिनाचा विषय मला सर्वांत अवघड वाटतो. जेट इंजिन पुढून हवा ओढून घेतं, दाबतं, त्यात इंधन जाळतं आणि तापलेला वायू मागं फेकतं. फेकता फेकता तो वायू एक चक्र फिरवतो आणि ते चक्र पुढचा पंखा फिरवतं. आता अडचण बघा. हा वायू इतका तापलेला असतो की चक्राची पाती ज्या धातूची, तो धातूच त्या तापमानाला वितळेल. मग पाती टिकतात कशी? ती आतून पोकळ असतात, त्यांना बारीक बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून तुलनेनं थंड हवा सोडतात. ती पात्यावर पांघरुणासारखी पसरते. शिवाय आताच्या अनेक इंजिनांत अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं ओततात, म्हणजे त्यात सांधे नाहीत आणि फाटायला जागा नाही.

आणि मोडून बघण्याची हौस अजून आहेच! जानेवारी १९९५ मध्ये बोईंग कंपनीनं आपल्या नव्या ७७७ विमानाचे पंख मुद्दाम मोडेपर्यंत वर ओढले. आयुष्यात येऊ शकेल अशा सर्वांत वाईट ओझ्याच्या दीडपट ओझं पंखानं सोसलं पाहिजे, असा नियम आहे. तो पंख १५४ टक्क्यांना मोडला. तोवर त्याचं टोक सुमारे २४ फूट वर गेलं होतं, म्हणजे दुमजली घराएवढं. पंख मोडल्यावर तिथले लोक आनंदले. ओझं दीडशे टक्क्यांच्या आत असताना मोडला असता तर पंख कच्चा ठरला असता. तीनशेला मोडला असता तर उगाच जड केला असं झालं असतं, आणि ते जास्तीचं वजन जन्मभर वाहायला इंधन लागलं असतं. १५४ म्हणजे गणित बरोबर!

आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीला मी ही पंखाची गोष्ट सांगितली होती. तिच्या वडिलांचं ट्रॅक्टर-मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली आणि म्हणाली, "बाई, पत्र्याला चीर गेली की आमचे पप्पा चिरेच्या टोकाला ड्रिलनं गोल भोक पाडतात. मग चीर पुढं सरकत नाही. ते कॉमेटचंच ना?" अगदी तेच! मग तिनं खरा प्रश्न विचारला. "आपल्या मराठी शाळेतून तिथवर जाता येतं का? आणि मेकॅनिकल घेतलं तर विमानाला हात लावू देतात का?"

तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

आधी दुसरा प्रश्न. लावू देतात. सतीश धवन यांचं नाव ऐकलं असेल. श्रीहरिकोट्याच्या अवकाश केंद्राला त्यांचंच नाव आहे. त्यांनी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात गणित-भौतिकशास्त्राची पदवी घेतली, मग इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं, आणि त्यानंतर मेकॅनिकल इंजिनिअरिंग! विमानविद्या ते नंतर अमेरिकेत शिकले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन त्यांनी ध्वनीपेक्षा जास्त वेगाच्या हवेचा वातबोगदा उभारला आणि १९७२ ते १९८४ या काळात ते इस्रोचे अध्यक्ष होते. अब्दुल कलामांनी आधी बी. एस्सी. केलं आणि मग मद्रासच्या एम. आय. टी. संस्थेत विमानविद्या घेतली. कल्पना चावलाचे वडील टायरच्या व्यवसायात होते. कर्नालसारख्या गावातून ती चंदीगडला गेली आणि १९८२ साली विमानविद्येची इंजिनिअर झाली. रस्ते तिघांचे तीन.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, मनात पक्कं ठरलं नसेल तर आधी मेकॅनिकल घ्यावं. एरोस्पेसच्या चांगल्या जागा देशात थोड्या आहेत : मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर अशा आयआयटींमध्ये, तिरुअनंतपुरमला २००७ साली सुरू झालेल्या अवकाश विज्ञान संस्थेत आणि इतर काही ठिकाणी. कानपूरच्या आयआयटीत तर आवारातच धावपट्टी आहे. तिथं विद्यार्थी छोट्या विमानात बसून वर जातात आणि वर्गात शिकलेलं हवेत मोजून बघतात! हे वाचून ज्याच्या पोटात फुलपाखरं नाचू लागतील, त्यानं खुशाल एरोस्पेस घ्यावं. बाकीच्यांना मेकॅनिकलनंतर एम. टेक. करताना तिकडं वळता येतं. आणि विमानाच्या कारखान्यात दोघंही लागतात. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई विमानं तिथं तयार झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथं बनलेलं पहिलं 'तेजस एमके-१ए' उडालं. त्यात इंजिनिअरांइतकाच फिटर, टर्नर, वेल्डर यांचाही हात असतो.

आता मराठी शाळेचं. बारावीला विज्ञान शाखा, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. आयआयटीसाठी जेईई मेन आणि मग जेईई ॲडव्हान्स्ड. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी सीईटी. यांतली जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. म्हणून भूमिती मराठीत पक्की करा, पण आठवीपासून शास्त्राचे इंग्रजी शब्द शेजारी लिहून ठेवायची सवय लावा. भाषा ही अडचण आहे हे खरंच आहे, पण ती एका वर्षाची अडचण आहे.

दुसरी वाट दहावीनंतरची आहे, आणि गावाकडच्या मुलांना ती कुणी नीट सांगत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा आणि गुण चांगले असतील तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं. मशीनवर हात बसलेला असतो, त्यामुळं ही मुलं वर्कशॉपमध्ये इतरांना शिकवतात. पैशांचं म्हणाल तर, २०२४ साली महाराष्ट्र शासनानं एक निर्णय घेतला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास या गटांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण व परीक्षा फी शासन भरतं. घरी आईवडिलांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

एक सावधगिरीही सांगते. पेपरात विमानाचं मोठं चित्र टाकून जाहिराती येतात. त्यांतली 'विमान देखभाल' ही वेगळी विद्या आहे. तिचं लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. कामही उत्तम आहे, पण ती इंजिनिअरिंगची पदवी नव्हे. पैसे भरण्याआधी, अभ्यासक्रम कुणी मान्य केलाय ते लेखी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं कॉलेज बघा.

कॉलेजात गेल्यावर मुलं खरोखर काय करू शकतात, ते पुण्यात बघायला मिळालं. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ सालचं, सर विश्वेश्वरय्या तिथलेच विद्यार्थी. २००८ च्या सुमारास तिथल्या मुलांनी ठरवलं, आपण उपग्रह बनवायचा. नाव ठेवलं 'स्वयम्'. आकार दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्याएवढा आणि वजन एक किलोच्या किंचित आत. भाजीवाल्याच्या तराजूतलं एक माप समजा! हौशी रेडिओवाल्यांचे निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणं हे त्याचं काम.

एवढ्याशा ठोकळ्यात काय इंजिनिअरिंग असणार, असं वाटेल. पण बघा. पाचशे किलोमीटर उंचीवर तो सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालायचा. एका फेरीत कडक ऊन आणि काळोखी सावली दोन्ही. वर हवा नाही, त्यामुळं वारा लागून निवणंही नाही. उष्णता बाहेर पडायची ती फक्त किरणांच्या रूपानं. सांगाडा आणि उष्णतेचं गणित ही मेकॅनिकलच्या मुलांची कामं. रॉकेट निघताना जे हादरे बसतात त्यात एक स्क्रू सैल झाला तरी खेळ खलास, आणि वर पान्हा घेऊन कोण जाणार?

आणखी एक पेच होता. उपग्रह गिरक्या घेत राहिला तर त्याची अँटेना भलतीकडंच तोंड करणार. मोठ्या उपग्रहांत त्यासाठी फिरती चाकं आणि छोटी इंजिनं असतात. इथं ना जागा, ना वीज. मुलांनी काय केलं? आत लोहचुंबक बसवला! होकायंत्राची सुई जशी आपली आपण उत्तर-दक्षिण होते, तसा पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून उपग्रह स्वतःच वळणार. पण सुई आधी किती वेळ डुलत राहते, पाहिलंय ना? ते डुलणं थांबवायला खास धातूच्या काड्या घातल्या. उपग्रह डुलला की त्या काड्यांमधलं चुंबकत्व उलटसुलट होतं, त्यात डुलण्याची शक्ती उष्णता होऊन खर्ची पडते आणि हळूहळू उपग्रह शांत होतो. मोटार नाही, बॅटरीचा खर्च नाही. स्वतःचा स्वतः सावरणारा, म्हणून 'स्वयम्' हे नाव त्याला शोभतं.

२२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून २० उपग्रह घेऊन निघालं, त्यात 'स्वयम्' होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीच्या मुलांचा दहा किलोचा 'प्रथम' पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजणं हे त्याचं काम होतं.

पुण्याच्या त्या आठ वर्षांत शंभराहून जास्त मुलामुलींनी 'स्वयम्'वर काम केलं. पदवी असते चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिलं रेखाटन केलं, ती मुलं उपग्रह पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी कॉलेज सोडून गेली. जाताना आपल्या वह्या आणि आकडेमोड धाकट्यांच्या हाती देऊन गेली. धाकट्यांनी ती तपासली, काही खोडली, पुढं नेली आणि आपल्यामागून आलेल्यांना दिली. रॉकेट उडालं त्या सकाळी, पहिली रेघ ओढणारे कुठं कुठं नोकरीला लागून जुने झाले होते.